हळू वाढणारी गाठ आणि जुना अपस्मार

'मेंदूत गाठ आहे' हे शब्द कानी पडताच घरातील माणसांचा धीर सुटतो. अपस्माराचे तसे होत नाही. 'अधूनमधून फीट येते, गोळ्या चालू आहेत' या वाक्याला घर हळूहळू सरावते आणि वर्षामागून वर्षे निघून जातात. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मेंदूतील एक लहानशी गाठ अत्यंत सावकाश वाढत असते आणि अपस्माराचे झटके हेच तिचे एकमेव लक्षण असते. गाठ प्राण घेत नाही. परंतु झटके शिक्षण अडवतात, नोकरी हिरावतात आणि माणसाला घराच्या चार भिंतींत बसवून ठेवतात.

अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि योग्य वेळी शस्त्रक्रिया झाल्यास अपस्मारातून सुटका होण्याची शक्यता मोठी असते. असे असूनही गाठीच्या नावाची भीती आणि झटक्यांची सवय या दोहोंमुळे अनेक रुग्ण शल्यचिकित्सकापर्यंत फार उशिरा पोहोचतात. मेंदूच्या शल्यचिकित्सेचा भारतातील पाया ज्या भूमीत घातला गेला, त्या चेन्नई आणि वेल्लूर येथे आज महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे उपचारांसाठी जातात. म्हणूनच हा विषय आपले ग्राहक आणि कर्मचारी यांच्यासमोर सोप्या शब्दांत मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गाठ आणि झटका यांचे नाते

मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युतसंदेशांच्या साहाय्याने बोलत असतात. एखाद्या भागातील पेशींनी ताळतंत्र सोडून एकाच वेळी संदेशांचा भडिमार केला की झटका येतो. असे झटके पुन:पुन्हा येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात.

अपस्माराची कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, क्षयाची गाठ, डुकरातील फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारी अळीची बाधा ही आपल्याकडील नेहमीची कारणे होत. या यादीत मेंदूतील गाठीचा वाटा लहान आहे. परंतु औषधांना दाद न देणाऱ्या ज्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागते, त्यांच्यात तो वाटा एकदम वाढतो. युरोपातील १२ देशांत अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ९,५२३ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश रुग्णांमध्ये काढलेल्या भागात गाठ आढळली.

या गाठींत दोन प्रकार प्रमुख आहेत. पहिला गँग्लिओग्लिओमा. या गाठीत मेंदूतील चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी या दोहोंचे मिश्रण असते. दुसऱ्या प्रकाराचे नाव लांबलचक असल्याने डॉक्टर त्याला 'डीएनईटी' या आद्याक्षरांनी ओळखतात. पॅरिसमधील विकृतितज्ज्ञ कातरीन दोमा-द्युपोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. हे दोन्ही प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सर्वांत सौम्य अशा पहिल्या श्रेणीत मोडतात. ते बहुधा बालपणी किंवा तरुणपणी झटक्यांच्या रूपाने प्रकट होतात आणि कानाच्या आतील बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये, अधिक आढळतात.

गाठ जितकी झपाट्याने वाढणारी तितके झटके जास्त, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात मंद गाठींमध्येच झटक्यांचे प्रमाण अधिक दिसते. झपाट्याने वाढणारी गाठ आसपासच्या पेशी नष्ट करते; मंद गाठ त्यांना जिवंत ठेवते, पण वर्षानुवर्षे डिवचत राहते. तिच्या सभोवतालच्या पेशींची परस्परांशी असलेली जोडणी आणि तेथील रासायनिक तोल बदलतो. शिवाय या गाठी मेंदूच्या बाह्य थरात वा त्याच्या निकट असतात आणि झटक्यांचा उगम याच थरात होतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रौढ वयात आढळणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या काही गाठीसुद्धा मंद गतीने वाढतात आणि त्यांचेही पहिले लक्षण पुष्कळदा झटका हेच असते. मात्र त्या आसपासच्या मेंदूत मुळांसारख्या पसरतात आणि काही वर्षांनी उग्र रूप धारण करू शकतात. तेथे शस्त्रक्रिया अपस्मारासाठी तर असतेच, पण गाठीला आळा घालण्यासाठीही असते. कोणती गाठ कोणत्या जातीची, याचा अंतिम निर्णय काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर होतो. अलीकडे त्याला जनुकीय चाचण्यांचीही जोड मिळाली आहे.

न ओळखले जाणारे झटके

अपस्मार म्हटले की जमिनीवर कोसळणे, हातपाय झाडणे आणि तोंडाला फेस येणे हे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. टेम्पोरल लोबमधील झटका पुष्कळदा याहून निराळा असतो. पोटातून काहीतरी वर चढत असल्याचा भास होतो, नसलेला वास येतो, किंवा 'हे सारे पूर्वी घडून गेले आहे' असे तीव्रतेने वाटते. मग नजर शून्यात लागते, ओठ चाटले जातात, हात कपड्यांशी चाळा करतात. नोटा मोजता मोजता एखादी व्यक्ती मध्येच थबकावी, हाकेला उत्तर देऊ नये आणि मिनिटा-दोन मिनिटांनी गोंधळलेल्या चेहऱ्याने पुन्हा भानावर यावी, असाही हा झटका असू शकतो.

शाळेत अशा मुलाला 'लक्ष नसते' म्हणून बोलणी बसतात. घरात नजर लागल्याची किंवा बाहेरच्या बाधेची शंका घेतली जाते. झटक्याचा आरंभ कसा झाला, मान कोणत्या बाजूला वळली, कोणता हात आधी ताठरला, बोलणे केव्हा परत आले, या गोष्टी डॉक्टरांना अत्यंत मोलाच्या असतात, कारण त्यांवरून उगमस्थानाचा अंदाज बांधता येतो. घरच्यांनी भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण या कामी फार उपयोगी पडते.

मोठा झटका शाखेत, कार्यालयात वा रस्त्यात आला तर काय करावे, हेही येथेच सांगणे योग्य. रुग्णाला कुशीवर वळवावे, जवळच्या टणक वस्तू दूर साराव्यात, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल किंवा किल्ल्यांचा जुडगा यांनी झटका थांबत नाही. तो बहुधा आपोआपच थांबतो. पाच मिनिटे उलटूनही थांबला नाही, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

लंडन ते मद्रास

झटक्याच्या स्वरूपावरून मेंदूतील जागा ओळखायची आणि तेथील दोष काढून टाकायचा, ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यचिकित्सकाने झटके येणाऱ्या एका २५ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून आक्रोडाएवढी गाठ काढली. कवटीवर गाठीची कोणतीही बाह्य खूण नव्हती. एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. केवळ लक्षणांच्या अभ्यासावरून डॉ. ह्यूज बेनेट यांनी जागा निश्चित केली होती आणि ती अचूक ठरली. झटके थांबले. दुर्दैवाने सुमारे चार आठवड्यांनी जंतुसंसर्गाने त्या रुग्णाचा अंत झाला.

पुढे कॅनडातील माँट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी या शास्त्राला शिस्त आणली. मेंदूच्या ऊतीला स्वत:ला वेदना जाणवत नाही. या गोष्टीचा लाभ घेऊन ते केवळ डोक्याची त्वचा बधिर करून, जागृत रुग्णाशी बोलत बोलत, वाचेची व हालचालींची केंद्रे शोधत आणि ती वाचवून सदोष भाग काढीत. त्यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये भारतातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये तेथेच अपस्मारावरील देशातील पहिली शस्त्रक्रिया केली.

तिकडे मद्रासमध्ये १९५० साली डॉ. बी. राममूर्ती सेंट्रल स्थानकासमोरील सरकारी सामान्य रुग्णालयात रुजू झाले आणि तेथे मेंदूशल्यचिकित्सेची सुरुवात झाली. आज हे रुग्णालय राजीव गांधी सरकारी सामान्य रुग्णालय या नावाने ओळखले जाते. १९५१ मध्ये राममूर्ती, चंडी, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. आशियातील पहिल्या काही महिला मेंदूशल्यचिकित्सकांपैकी एक, डॉ. टी. एस. कनका (१९३२-२०१८), याच मद्रासच्या परंपरेत घडल्या. सरकारी सेवेनंतर राममूर्ती यांनी अडयारच्या व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस या रुग्णालयातही मेंदूशल्यचिकित्सेचे केंद्र उभे केले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या पिढीपाशी आजची साधने नव्हती. मेंदूचे पहिले सीटी स्कॅन १९७१ मध्ये लंडनमध्ये झाले. एमआरआय त्यानंतर आले. मंद गाठी लहान असतात आणि त्यांतील पुष्कळशा सीटी स्कॅनमध्येही नीट दिसत नाहीत. त्यामुळे 'कारण अज्ञात' असे ज्यांच्या कागदपत्रांवर वर्षानुवर्षे लिहिले गेले, अशा अनेक रुग्णांची गाठ एमआरआयने प्रथम दाखविली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेले स्कॅन 'नॉर्मल' होते म्हणून झटके चालू असतानाही नवी तपासणी न करणे योग्य नाही, ते यासाठीच.

याच्या उलट बाजूही ध्यानात असावी. स्कॅनमध्ये दिसणारा प्रत्येक ठिपका गाठीचा नसतो. झटक्यानंतर भारतीय रुग्णांच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारा एकुलता एक लहान ठिपका पूर्वी सर्रास क्षयाचा मानला जाई. वेल्लूरच्या डॉक्टरांच्या अभ्यासाने दाखवून दिले की यांतील बहुसंख्य ठिपके फीतकृमीच्या अळीमुळे झालेले असतात आणि ते बहुधा शस्त्रक्रियेविना विरून जातात. म्हणून अहवालातील एका शब्दाने घाबरून जाऊ नये; अपस्मारातील जाणकार तज्ज्ञांकडून त्याचा अर्थ समजून घ्यावा.

किती काळ थांबावे?

अपस्माराच्या उपचाराची पहिली पायरी औषधांचीच आहे आणि बहुसंख्य रुग्णांना तीच पुरते. ग्लासगो येथील ४७० रुग्णांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधाने ४७ टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्क्यांचे. त्यानंतरच्या औषधांनी जेमतेम ४ टक्क्यांचे. यावरून पुढे २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने व्याख्या ठरविली : योग्य रीतीने निवडलेली आणि पुरेशा मात्रेत नियमित घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर तो अपस्मार औषधांना न जुमानणारा समजावा.

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन औषधांनंतरही झटके चालू असतील, तर तिसरी, चौथी, पाचवी गोळी बदलत वर्षे घालविण्याऐवजी रुग्णाला अपस्मार शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्राकडे तपासणीसाठी न्यावे. तपासणी म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. एमआरआयमध्ये गाठ दिसली असेल, तर हा सल्ला याहूनही लवकर घ्यावा.

'गाठ हळूच वाढते, मग घाई कशाला?' असा प्रश्न स्वाभाविक आहे. गाठीपुरते पाहिले तर तो रास्तही वाटतो. पण हिशेब झटक्यांचा करावयाचा असतो. वाढत्या वयाच्या मुलाच्या मेंदूवर वारंवार येणारे झटके आणि अनेक औषधांची गुंगी यांचा परिणाम होतो. दहावी-बारावीची वर्षे परत येत नाहीत. पोहताना, स्वयंपाक करताना, रस्ता ओलांडताना अपघाताची भीती असते, आणि अनियंत्रित अपस्मारात क्वचित झोपेत अकस्मात मृत्यूही ओढवतो. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे, तर मुद्दल फारसे वाढत नसले तरी व्याज रोज चढत असते.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेत

शस्त्रक्रियेचा निर्णय एका डॉक्टरने एका भेटीत घ्यावयाचा नसतो. उच्च दर्जाचे एमआरआय, मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख म्हणजे ईईजी, आणि रुग्णालयात काही दिवस ठेवून चित्रीकरणासह केलेले अखंड ईईजी यांचा मेळ घातला जातो. गाठ जेथे आहे तेथूनच झटके उगम पावतात काय, हा मूळ प्रश्न असतो. तिचे उत्तर 'होय' आले की मार्ग पुष्कळ सोपा होतो.

याच्या जोडीला स्मरणशक्ती, वाचा व आकलन यांची मानसशास्त्रीय चाचणी होते. परप्रांतात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी येथे एक काळजी घ्यावी. रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो, शाळा कोणत्या माध्यमातून झाली, हे प्रथमच सांगावे. शब्द आठवण्याची परीक्षा अपरिचित भाषेत झाली, तर कमी गुण मेंदूमुळे मिळाले की भाषेमुळे, हे कळत नाही. वाचेच्या केंद्राजवळ गाठ असेल आणि रुग्णाला जागृत ठेवून शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर मातृभाषेतील संवादाची तजवीज आधीच करावी लागते.

शस्त्रक्रियेत कवटीचा लहानसा भाग उघडून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने गाठ काढली जाते. एमआरआयच्या आधारे दिशा दाखविणारी संगणकीय यंत्रणा शल्यचिकित्सकाच्या मदतीला असते. गरजेनुसार मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युतपट्ट्या ठेवून आसपासचा कोणता भाग झटके निर्माण करतो हेही पाहिले जाते, कारण काही वेळा गाठीभोवतालचा थोडा भागही काढावा लागतो. गाठ पूर्ण निघणे हा यशाचा सर्वांत मोठा आधार होय. या प्रकारच्या गाठींच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष पाहता, शस्त्रक्रियेनंतर दर दहांपैकी सुमारे आठ रुग्णांचे झटके थांबतात.

भारतीय अनुभवही आश्वासक आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ पासून अपस्मार शस्त्रक्रियेचा कार्यक्रम नेटाने चालविला. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले : शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षअखेर झटक्यांपासून मुक्त होती, केवळ औषधांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. ही मुले विविध कारणांमुळे अपस्मार झालेली होती; पण योग्य निवड केल्यास शस्त्रक्रियेने काय साधते, हे त्यातून स्पष्ट होते.

धोके नाहीत असे कोणी म्हणू नये. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दृष्टीच्या क्षेत्राचा एखादा कोपरा मंदावणे, शब्द आठवण्यात अडचण, क्वचित अशक्तपणा किंवा वाचेवर परिणाम, यांची शक्यता गाठीच्या जागेनुसार कमी-अधिक असते. हे धोके डॉक्टरांकडून स्पष्टपणे विचारून घ्यावेत आणि शस्त्रक्रिया न करण्याचे धोकेही त्याच वेळी विचारावेत. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या लगेच बंद होत नाहीत. ठरावीक काळ झटक्यांविना गेल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच त्या हळूहळू कमी केल्या जातात. एमआरआयची नियतकालिक तपासणीही चालू ठेवावी लागते.

खर्च, विमा आणि समाज

खर्चाचा विचार आधीच करणे इष्ट. सरकारी संस्थांतील शुल्क आणि खासगी रुग्णालयांतील खर्च यांत मोठे अंतर असते. म्हणून तपासण्या, शस्त्रक्रिया, मुक्काम व पुढील औषधे यांचे लेखी अंदाजपत्रक मागावे. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा किंवा अन्य सरकारी योजनेचा लाभ मिळेल काय, परराज्यातील रुग्णालयात तो लागू होतो काय, याची चौकशी प्रवासापूर्वीच करावी. आरोग्य विम्याच्या प्रस्तावात अपस्मार लपवू नये. नंतर दावा नाकारला जाण्यास तेच कारण पुरते. वाहन परवान्याच्या अर्जातही अपस्माराविषयी प्रश्न असतो. त्याचे खरे उत्तर देणे हे स्वत:च्या आणि इतरांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

समाजाची दृष्टी बदलण्यास कायद्यानेही हातभार लावला आहे. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडसर मानला गेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द तेथून वगळण्यात आला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला. मनातून तो जाण्यासाठी मात्र प्रत्येकाने प्रयत्न करावयास हवा. आपल्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याला अपस्मार असेल, तर त्याला दयेपेक्षा समजूतदारपणाची आणि तपासणीसाठी मिळणाऱ्या रजेची गरज अधिक असते.

आपल्या घरात किंवा परिचयात कोणाचा अपस्मार दोन औषधांनंतरही आटोक्यात आलेला नसेल, तर जुने कागद काढावेत, शेवटचे एमआरआय कधी झाले ते पाहावे आणि डॉक्टरांना सरळ विचारावे : 'शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी करणे योग्य ठरेल काय?' तोपर्यंत चालू औषधे स्वत:च्या मनाने बंद करू नयेत. कदाचित उत्तर 'नाही' येईल. पण ते तपासणीअंती मिळालेले उत्तर असेल.